फळा कोणाच्या खात्यावर आहे?

पनवेल, कळंबोली, तळोजा भागातील आमच्या सुतार, फॅब्रिकेटर आणि पीओपीवाल्या बंधूंपुढे एक नवा प्रश्न आला आहे. इंटिरियरचे ऑफिस किंवा आखातात राहणारा घरमालक आता नकाशाच्या कागदाऐवजी ऑनलाइन व्हाइटबोर्डची लिंक पाठवितो. मिरो, फिगजॅम अशी या सॉफ्टवेअरची नावे आहेत. हा संगणकावरचा फळाच. दोन्ही बाजू एकाच वेळी त्यावर आकृती काढतात, मापे लिहितात, चिठ्ठ्या डकवितात. सोय उत्तम आहे. कुवेतच्या माणसाला कपाटाचा कप्पा नेमका कुठे हवा, हे फोनवर तासभर बोलून कळत नाही, ते इथे पाच मिनिटांत कळते.

घोळ होतो तो पुढे. 'त्यांनी पैसे भरून खाते घेतले आहे, आम्हीही घेतले आहे, मग अडचण कसली?' असे अनेकांना वाटते. पण ही दोन खाती म्हणजे दोन वेगळी दुकाने. फळा ज्याच्या खात्यावर उघडला, त्याचा ताबा त्याच्याकडे. आपण आपल्या खात्याचे पैसे कितीही नियमित भरले तरी तिथे आपण पाहुणे. लिहू द्यायचे की नुसते पाहू द्यायचे, प्रत काढू द्यायची की नाही, हे तोच ठरवितो.

समजा, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचे काम घेतले. ग्राहकाने फळ्यावर तीनदा मापे बदलली, दोनदा तयार माल उसवून पुन्हा बांधावा लागला. बिलाच्या वेळी 'आधीपासून हेच ठरले होते' असे उत्तर मिळाले आणि लिंकही उघडेनाशी झाली, तर जादा मजुरी कशाच्या आधारावर मागणार?

यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. गुगलचा जॅमबोर्ड हा असाच फळा होता. कंपनीने तो बंद केला. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर फक्त पाहता येत होते आणि ३१ डिसेंबर २०२४ नंतर तेही संपले. ज्यांनी मुदतीत पीडीएफ काढून ठेवल्या, त्यांचे काम हाती राहिले.

फळा आपल्या खात्यावर असेल तर धोका उलट बाजूने येतो. मिरोच्या मोफत योजनेत बदल करता येणारे फळे तीनच मिळतात. मग काटकसर म्हणून एकाच फळ्यावर चार गिऱ्हाइकांची कामे मांडली जातात आणि एकाचा दर दुसऱ्याला दिसतो. (भाव फुटण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हाला ठाऊक नाही.) पैसे भरून खाते घेतल्यावर ग्राहकाला टीमचा सदस्य करू नये. सदस्यामागे आकार वाढतो, शिवाय टीमसाठी खुले असलेले इतर फळेही त्याच्यापुढे येतात. त्याला त्या एका फळ्यापुरतेच बोलवावे. फिगजॅममध्ये खाते नसलेल्यालाही २४ तासांपुरते लिहू देण्याची सोय आहे. एका बैठकीला ती पुरते.

कायद्याची बाजूही पाहावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद पुरावा म्हणून चालते, मात्र सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागते. मुळात नोंदच आपल्या हाती नसेल, तर प्रमाणपत्र कशाचे देणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, प्रत्येक बैठक संपताच फळ्याची पीडीएफ काढावी, ती निघत नसेल तर पडद्याचे चित्र घ्यावे आणि त्याच दिवशी आपल्या ईमेलवरून ग्राहकाला पाठवावे. सोबत दोन ओळी पुरेत: आज हे माप बदलले, याची जादा मजुरी इतकी, होकार कळवावा. होकार येईपर्यंत प्लायला करवत लावू नये. काही मोठी ऑफिसे गुप्ततेचे कारण सांगून प्रत काढू देत नाहीत. त्यांच्याकडून बदलाचा कागद छापून, सही-शिक्क्यानिशी मागावा. तेही जमत नसेल, तर बयाणा वाढवून घ्यावा.