स्थिर ठिगळं

आमचे चिरंजीव संगणकवाले. "बाबा, कंपनीने दुरुस्त केलेला लिनक्सचा कर्नलच स्थिर!" कर्नल म्हणजे यंत्राचा हेडक्लार्क, एवढं अस्मादिकांना कळतं. रेड हॅटने २०१४ च्या सातव्या आवृत्तीत २०१३ चा ३.१० कर्नल घेतला; २०२४ पर्यंत आकडा तोच, आत मात्र नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्यांची ठिगळं! अहो, पासबुकाचा नंबर तोच म्हणून शिल्लक तीच राहते का? ठिगळ वाईट नव्हे. सुकापुरात आमच्या घरी गोधडीच ऊब देते. पण तिला कोरं लुगडं म्हणू नका! शिवण उसवली की मूळ विणकर म्हणतो, "शिवणाऱ्याला विचारा." तोवर पेन्शनवाल्यांची रांग माझ्या खिडकीशी. तेव्हा एकच गोष्ट स्थिर असते, ती रांग!