सुपरमॅनला घाम येतो का?

सुपरहीरोचा पिक्चर पाहून बाहेर पडलं की ग्रुपमध्ये हमखास दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "काहीही दाखवतात यार! एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पोरीला असं मधेच झेललं तर तिची मानच मोडेल." दुसरी पार्टी पॉपकॉर्नच्या तळाशी बोटं फिरवत म्हणते, "बॉस, माणूस उडतोय ते चाललं तुला, आणि मानेपाशी अडलास?" कँटीनमध्ये हा वाद इतक्यांदा ऐकलाय की आता दोन्ही बाजूंचे डायलॉग मला पाठ आहेत.

गंमत म्हणजे मानेचा मुद्दा कॉमिक्सवाल्यांनी 1973 मध्येच निकालात काढलाय. पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला स्पायडरमॅन जाळं टाकून झेलतो, आणि झेलल्याच्या झटक्यानंच ती जाते. वाचक हादरले. पण त्यातलं फिजिक्स बरोबर होतं म्हणून कुणी रडलं नाही हो! आपल्याच हातून झालं हे ओझं त्या पोराच्या खांद्यावर कायमचं बसलं, म्हणून रडले. 2014 मध्ये तोच प्रसंग पडद्यावर आला, तेव्हाही थिएटर तसंच चिडीचूप होतं.

माझं म्हणणं एवढंच. पॉवर कितीही खोटी असू दे, चालेल. तिची किंमत मात्र खरी पाहिजे.

मूळचा सुपरमॅन पाहा. 1938 मध्ये तो आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उड्या मारायचा. एका उडीत फर्लांगभर, बास! पुढे 1941 मध्ये त्याची कार्टून्स निघाली, आणि बेडकासारखा टुणटुण उडणारा हीरो पडद्यावर बरा दिसेना, म्हणून त्याला सरळ हवेत सोडून दिला. म्हणजे पडद्यानं त्याला आणखी अशक्य करून टाकलं. पण पहिल्या वर्षातल्या त्या उड्या मारणाऱ्या सुपरमॅनचे शत्रू कोण होते? बायकोला मारणारा नवरा. मजुरांच्या जिवाची पर्वा नसलेला खाणमालक, ज्याला तो त्याच्याच खाणीत अडकवतो. हीरो खोटा, पण दुखणी गल्लीतली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतला यात नवल काय?

किंवा 2004 चा 'स्पायडरमॅन 2' आठवा. त्यातल्या ट्रेनच्या फायटिंगपेक्षा मला जास्त काय आवडतं सांगू? पीटर पिझ्झा उशिरा पोचवतो आणि नोकरीवरून हाकलला जातो. घरमालक भाडं मागतो. सुपरहीरोचा ड्रेस धुवायला टाकला तर त्याचा रंग बाकीच्या कपड्यांना लागतो. अप्रेझल, ईएमआय आणि पीजीच्या मावशी यांच्यात अडकलेल्या आपल्यासारख्यांना हे कळायला सबटायटल लागत नाही.

आता पॉवर येते कुठून, याकडे या. इथे मी जरा वेगळ्या अँगलनं बघतो, कारण मी आर्णीचा. आर्णी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, अरुणावतीच्या काठी, कंबलपोश बाबांच्या दर्ग्याचं गाव. आजूबाजूला कपाशी, म्हणजे आमच्या भाषेत पऱ्हाटी.

स्पायडरमॅनला 1962 मध्ये चावलेला कोळी रेडिओअ‍ॅक्टिव्ह होता. अणुबॉम्बचा काळ ना! 2002 च्या पिक्चरमध्ये तोच कोळी जेनेटिकली मॉडिफाइड झाला, कारण आता रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हटलं असतं तर पब्लिक हसलं असतं. रिअ‍ॅलिझम, रिअ‍ॅलिझम म्हणतात तो बरेचदा एवढाच असतो. जे सायन्स पेपरात गाजतंय, त्याचं लेबल लावायचं.

आणि योगायोग बघा. त्याच 2002 मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तीही जीन बदललेली. तीही सुपरहीरोसारखीच आली: बोंडअळी पानाला तोंड लावणार आणि खलास. सुरुवातीला तसं झालंही. पण पिक्चर तिथे संपतो, शेती संपत नाही. अळी हळूहळू शिकली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीचं काय केलं ते विदर्भातल्या कुणालाही विचारा. आमच्याकडे व्हिलन सीक्वेलसाठी थांबत नाही, दर खरिपाला येतो.

तेच वर्ष आणखी एका गोष्टीसाठी विसरता येत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीला लागली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. अंगावर साधा शर्ट, हातात ग्लोव्ह्ज नाहीत, नाकाला फार तर रुमाल.

आता कॉमिक्स उघडा. 1956 चा फ्लॅश: लॅबमध्ये वीज पडते, केमिकल्स अंगावर उडतात, आणि पठ्ठ्या वाऱ्याच्या वेगानं पळायला लागतो. 1964 चा डेअरडेव्हिल: ट्रकमधलं काहीतरी डोळ्यांत जातं, दृष्टी जाते, पण बाकीची ज्ञानेंद्रियं सुपर. शेती करणारा माझा मामेभाऊ एकदा टीव्हीवर असलाच काहीतरी सीन बघत होता. शांतपणे म्हणाला, "भाऊ, त्यायच्या इथं अंगावर औषध पडलं त पॉवर येते. आपल्या इथं पडलं त सलाईन लागते."

फिल्म क्रिटिसिझमच्या जाड पुस्तकांतही एवढं नेमकं मी वाचलेलं नाही.

याचा अर्थ फ्लॅशवर बंदी घाला असा नाही हं! तो पळू दे बिचारा. विषाची पॉवर होते, हे एक खोटं मी त्याला माफ करतो. पण त्या एका खोट्यानंतर मला त्याचा घाम बघायचाय. त्याचं दवाखान्याचं बिल कोण भरतं, घरी कोण वाट बघतंय, हे बघायचंय. दोनशे कोटींचं व्हीएफएक्स करून अख्खं शहर पाडतात आणि एकाही माणसाला खरचटत नाही, तिथे मी बाद!

महाराष्ट्रातला सगळ्यात रिअ‍ॅलिस्टिक सुपरहीरो कोण असं विचाराल, तर मी मालेगावकडे बोट दाखवीन. नासिर शेख यांनी तिथे 'मालेगाव का सुपरमॅन' बनवला. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा पोरगा. हिरव्या पडद्यासमोर आडवा करून त्याला उडवलं. ट्रॉलीच्या जागी सायकल. फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये या सगळ्या खटाटोपावर डॉक्युमेंटरी केली, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरात आला. शफीकनं तो पाहिला नाही. 2011 मध्येच तोंडाच्या कॅन्सरनं तो गेला होता. त्याचं उडणं बघताना कुणाचाच विश्वास बसत नाही, आणि तरीही त्याच्यावरून नजर हटत नाही. कारण केपच्या आतलं शरीर खरं आहे. दमणारं, खोकणारं, पगारातून दिवस कापून शूटिंगला आलेलं.

म्हणून पुढच्या वेळी मित्र म्हणाला, "असं कुठे होतं का?" तर त्याला विचारा, "झालं असतं तर कुणाला दुखलं असतं?" पिक्चरमध्ये याचं उत्तर सापडलं तर पैसे वसूल.

आणि उद्या कुणी आर्णीचा सुपरहीरो लिहायला घेतलाच, तर त्याला उडवा, पळवा, भिंतीवर चढवा, काहीही करा. फक्त मास्क द्यायला विसरू नका. बॅटमॅनला तो ओळख लपवायला लागतो. आमच्याकडे श्वास घ्यायला लागतो.