हुपरी मागे पडली, पण कुणाच्या?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीच्या चांदी व्यवसायाचा विषय निघाला की एक निकाल ठरलेला असतो: राजकोट, आग्रा, सेलम पुढे गेले, हुपरी मागे पडली. त्याला जोडून सल्लाही येतो, यंत्रे आणा आणि त्यांना गाठा. या सल्ल्यामागची कळकळ खरी आहे, पण त्यातली शर्यत तपासून पाहायला हवी. इंग्रजीत अशा धडपडीला ‘कीपिंग अप विथ द जोन्सेस’ म्हणतात. १९१३ साली न्यूयॉर्कच्या ‘ग्लोब’ वृत्तपत्रात पॉप मोमंड यांनी या नावाची चित्रमालिका सुरू केली आणि हा वाक्प्रचार रूढ झाला. शेजारच्या जोन्स मंडळींची बरोबरी करता करता एक कुटुंब मेटाकुटीला येते. ते जोन्स मात्र मालिकेत कधीच दिसत नाहीत. हुपरीलाही ज्यांना गाठायला सांगितले जाते त्यांचा धंदा कशावर चालतो, हे आपण क्वचितच विचारतो.

यंत्राची ताकद एकाच नमुन्याचा, हलक्या वजनाचा माल ढिगाने काढण्यात आहे. चांदी किलोला लाखावर गेल्यापासून गिऱ्हाईक हलके पैंजण मागते, तेव्हा तिथे यंत्र जिंकणारच. हुपरीची घडण वेगळी आहे. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, डाख देणे, घुंगरू बसवणे, पॉलिश ही कामे वेगवेगळ्या घरांत होतात. ती हुपरीपुरती नाहीत. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोलीपासून कर्नाटक सीमेपलीकडच्या गावांपर्यंत ती पसरली आहेत आणि त्यांतले कितीतरी काम बायका घरचे सांभाळून करतात. यंत्राचा साचा परवडायला एका नमुन्याचे भरमसाट नग खपावे लागतात. हुपरीच्या कारागिराला नवी नक्षी हवी असेल तर दहा जोड घडवणेही जमते. ही घडण मोडून राजकोटची नक्कल केली, तर हुपरीच्या हाती राजकोटपेक्षा उशिरा आलेले राजकोटच राहील.

यंत्रांच्या अशा शर्यतीची किंमत काय असते, ते शेजारच्या इचलकरंजीत दिसते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गावाने ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ हे बिरुद अभिमानाने मिरवले. त्या यंत्रमागांनी हजारो घरे उभी केली, हे कुणी नाकारू नये. पण खुद्द मँचेस्टरच्या गिरण्या विसाव्या शतकात बंद पडत गेल्या आणि आता साध्या मागांच्या मालकांना शटललेस मागांशी झुंजावे लागते आहे. एक यंत्र घेऊन शर्यत संपत नाही. पुढच्या यंत्रासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. ज्याच्याकडे भांडवल जास्त, त्याच्याच सोयीची ही शर्यत आहे.

यावर कुणी म्हणेल, हातकामाचे गोडवे गाणे सोपे आहे. कड्या जोडून डोळे आणि पाठ कुणाची जाते? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच डाखाचा धूर ओढून घेणारी, तार ओढण्याचे कष्ट वाचवणारी यंत्रे हुपरीत यायलाच हवीत. यंत्र कष्ट कमी करायला आणणे वेगळे आणि दुसऱ्याचा माल काढायला आणणे वेगळे. दुसरा आक्षेप बाजाराचा: हातच्या मालाला जास्त पैसे मोजणार कोण? कोल्हापुरी चपलेकडे पाहा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या, श्रेय दिले नाही म्हणून ओरड झाली आणि कंपनीला त्यांचे मूळ मान्य करावे लागले. ज्या कलेला आपण कालबाह्य म्हणत होतो, तिच्या दारी जगातली बडी कंपनी आली. चपलेला बाजार मिळवून दिला तो तिच्या नावाने, वेगाने नव्हे.

हुपरीच्या मालाला असे नाव टिकवायचे तर आधी टंच चोख हवा. चांदीवरचे हॉलमार्क सक्तीचे नाही. ते हुपरीने आपणहून अंगीकारावे आणि घरी काम करणाऱ्या बाईची मजुरी वजनावर नव्हे, कामाच्या बारकाईवर ठरवावी. नवी पिढी हे काम सोडते तेव्हा ‘जमाना बदलला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. महिनाअखेर हाती काय पडते, हे ती पिढी पाहते आणि शेजारच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचा रस्ता धरते. तिला थांबवायचे असेल तर चर्चा मजुरीवर व्हायला हवी.