पान्याची परवानगी

आपल्या दारातली वस्तू आपण उघडावी की न उघडावी, याची परवानगी काढण्याचे दिवस आले आहेत. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो मी लपवीत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. अपरात्री आडरानात ट्रॅक्टर बंद पडतो. बायका-पोरे ट्रॉलीत कुडकुडत बसलेली. चालक खाली उतरतो, इंजिनने एअर घेतली आहे हे ओळखतो, नट सैल करून हातपंपाने डिझेल चढवितो आणि गाडी सुरू करतो. कंपनीचा माणूस तेथे उजाडेपर्यंत येत नसतो. कित्येकदा उजाडल्यावरही नाही!

मी कायद्याचा वैरी नाही. रोहित्राच्या पेटीत उघड्या हाताने फ्यूज टाकणाऱ्यांचे वकीलपत्रही मी घेतलेले नाही. उलट, विजेच्या १९५६ च्या नियमांत एक शहाणी सवलत होती आणि २०१० च्या विनियमांनीही ती राखली : वायरिंगचे काम परवानाधारकाने करावे, पण घरातला दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यास परवाना नको. धोका कोठे आहे आणि कोठे नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

मोटारींच्या बाबतीत हे तारतम्य सुटले. २०१९ च्या दुरुस्तीने वाहनात नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. बंदी बदलाला आहे, दुरुस्तीला नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु जुन्या ट्रॉलीला मारलेली पट्टी ही दुरुस्ती की बदल, याचा निवाडा रस्त्यावर होतो, आणि तेथे युक्तिवाद चालत नाही.

आणि खरे कुलूप तर कंपन्यांनीच घातले आहे. २०२० साली प्रदूषणाचे नवे मानक आले. हवा शुद्ध व्हावी, त्याला कोण नाही म्हणेल? पण त्यापायी माझ्या मोटारसायकलीतला कार्ब्युरेटर गेला आणि संगणक आला. एके दिवशी पिवळा दिवा लागला. गावच्या मिस्त्रीकडे स्कॅनर नाही. गाडी टेंपोत घालून शहरात नेली. एका सेन्सरची तार सैल झाली होती! टेंपोच्या भाड्यात मी तसल्या वीस तारा घेतल्या असत्या.

बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग व अवजारे अडवून धरली म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाने नट सुटत नाही. गाडीबरोबर दुरुस्तीचे पुस्तक मराठीतून द्या, स्कॅनर वाजवी दरात विका, अशी सक्ती कंपन्यांवर करा. मग माझ्या हातून चूक झाली तर मला खुशाल दंड करा.

२०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही कडक मानक लागले आहे. टोळ्या यंदाही निघतील. चालकाच्या पेटीत पाना, पक्कड आणि तारेचे वेटोळे असेल, स्कॅनर नसेल.