विश्लेषण : एचआयव्हीचा विषाणू दबला, तरी सीडी४ का वाढत नाही?

एचआयव्हीच्या बाबतीत सरकारी यंत्रणा सध्या एकाच भाषेत बोलते: ९५-९५-९५. म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या ९५ टक्के लोकांना आपली लागण माहीत हवी, त्यातल्या ९५ टक्के लोकांना उपचार मिळायला हवेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोकांमध्ये विषाणू दबलेला हवा. तिसरा ९५ गाठला की काम फत्ते, असं समजलं जातं. पण या तिसऱ्या आकड्यात यशस्वी म्हणून मोजले गेलेले काही लोक प्रत्यक्षात अर्धेच सावरलेले असतात.

समजा, अकोल्याच्या जुने शहरातला पन्नाशीचा एक माणूस आहे. मोर्णा नदीचा पूल ओलांडून तो नियमितपणे सर्वोपचार रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात जातो आणि एकही गोळी चुकवत नाही. त्याच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर विषाणू आढळला नाही असं लिहिलेलं असतं. सीडी४ मात्र १९०, गेल्या वर्षी २०५ आणि त्याच्या आधी १८०. माणूस काल्पनिक आहे, रिपोर्ट मात्र तसे खरोखर येतात. वैद्यकीय भाषेत याला रोगप्रतिकारक शक्तीची अपूर्ण भरपाई म्हणतात. व्याख्येनुसार प्रमाण बदलतं, पण वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण १० ते ४० टक्के लोकांमध्ये ही स्थिती दिसली आहे. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची अंदाजित संख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे किरकोळ नाही.

सीडी४ आणि व्हायरल लोडमध्ये फरक काय?

व्हायरल लोड सांगतो, रक्तात विषाणू किती आहे. सीडी४ सांगतो, त्याच्याशी आणि इतर आजारांशी लढणाऱ्या पेशी किती उरल्या आहेत. सीडी४ पेशी स्वतः फारशा लढत नाहीत, त्या बाकीच्या पेशींना कामाला लावतात. निरोगी माणसात एक घनमिलिमीटर रक्तात त्या ५०० ते १५०० असतात. आकडा २०० च्या खाली गेला की क्षयरोग, विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया, मेंदूज्वर अशा आजारांचा धोका बराच वाढतो.

व्हायरल लोड दबलेला असणं ही मोठीच गोष्ट आहे. ज्याच्या रक्तात विषाणू आढळत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालंय. सीडी४ कमी असला तरी हे खरंच राहतं.

मग पेशी परत का येत नाहीत?

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे लवकर समजेल. पूर ओसरतो, पण पंचनाम्यात 'खरडून गेलेली जमीन' असा वेगळा रकाना असतो. पाणी गेलं म्हणून माती परत येत नाही.

एचआयव्ही शरीरात नेमकं हेच करतो. आपल्या सीडी४ पेशींचा मोठा हिस्सा रक्तात नसून आतड्याच्या अस्तरात असतो आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तिथे मोठा संहार करतो. अस्तर विरळ झालं की आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. शरीर त्यांना शत्रू समजून सतत चिडलेल्या अवस्थेत राहतं आणि या चिडीत नव्या पेशीही लवकर मरतात. दुसरीकडे, मानेत-काखेत ज्या लसिका ग्रंथी असतात (आपण ज्यांना 'गाठी' म्हणतो), तिथे या पेशींची जोपासना होते. विषाणू वर्षानुवर्षं मोकाट राहिला तर त्या ग्रंथींत व्रणासारखे तंतू तयार होतात आणि पेशींना राहायला जागाच उरत नाही. तिसरी गोष्ट वयाची. नव्या टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात आणि ही ग्रंथी वयानुसार आक्रसत जाते. म्हणून पंचविशीत उपचार सुरू केलेल्याचा सीडी४ भरभर चढतो, पन्नाशीतल्याचा रखडतो. पुरुषांमध्ये आणि हिपॅटायटिस सी सोबत असणाऱ्यांमध्येही भरपाई कमी होते.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो उपचार सुरू करताना सीडी४ किती होता याने.

उशीर कोणी केला?

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, तीही फक्त आठ सरकारी रुग्णालयांत. महाराष्ट्रात त्यातलं होतं मुंबईचं जे. जे. रुग्णालय. अकोल्याहून तिथे जायचं म्हणजे रेल्वेचा रात्रभराचा प्रवास. शिवाय तिथे पोचलं तरी औषध लगेच मिळेलच असं नव्हतं. ज्याला आधीच गंभीर आजार जडलेत किंवा ज्याचा सीडी४ २०० च्या खाली आहे, त्याचा नंबर आधी. ही मर्यादा पुढे ३५० आणि मग ५०० पर्यंत सरकत गेली. सीडी४ कितीही असो, निदान झालं की उपचार, हे धोरण यायला २०१७ उजाडलं.

त्या काळी औषधं कमी होती, दुष्परिणामही जास्त होते. जो जास्त आजारी त्याला आधी, हा हिशेब क्रूर नव्हता. पण त्याचा अर्थ असा, की सुरुवातीच्या वर्षांत औषध मिळालेले बहुतेक लोक जमीन खरडून गेल्यानंतरच रांगेत उभे राहू शकले. लवकर उपचार सुरू करण्याचा फायदा 'स्टार्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१५ मध्ये निर्विवाद दाखवला. हे जुने रुग्ण तोवर पुढे निघून गेले होते. आज त्यांचा सीडी४ २५० वर अडला असेल तर त्यांना 'गोळ्या नीट घेता ना?' असं दटावणं मला अन्यायाचं वाटतं.

उशीर आजही होतोच, फक्त कारण बदललंय. गरोदरपणात बाईची एचआयव्ही तपासणी होते. पुरुषाची अशी ठरलेली वेळ येत नाही. बायकोचा रिपोर्ट आल्यावर किंवा स्वतःला क्षयरोग झाल्यावर त्याला कळतं.

सीडी४ वाढवायचं औषध आहे का?

खास त्यासाठी मान्य झालेलं औषध नाही. प्रयत्न मात्र मोठे झाले. इंटरल्युकिन-२ नावाच्या इंजेक्शनने सीडी४ चढतो, हे दिसल्यावर साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवर दोन चाचण्या झाल्या. निकाल २००९ मध्ये आले: आकडा वाढला, पण आजार आणि मृत्यू कमी झाले नाहीत. नुसत्या संख्येने भागत नाही, पेशी कामाच्याही लागतात, हे तेव्हा कळलं. विषाणू दबलेला असताना आणखी एखादं एआरटी औषध जोडूनही भरवशाचा फायदा दिसलेला नाही.

राहिले ते काढे, चूर्ण आणि कोविडनंतर प्रत्येक मेडिकलमध्ये दिसणारे 'इम्युनिटी बूस्टर'. त्यांनी सीडी४ भरून येतो याला आधार नाही आणि काही जडीबुटी एआरटीच्या गोळ्यांच्या कामात अडथळाही आणतात. पैसे वाचवा, गोळी मात्र थांबवू नका. सीडी४ वाढत नाही म्हणून ती सोडली, तर विषाणू परत येतो आणि आहेत त्या पेशीही जातात.

मग करायचं काय?

सीडी४ कमी असताना धोका कशाचा आहे हे माहीत असतं, त्यामुळे तो अडवता येतो. कोट्रायमोक्सॅझोल ही स्वस्त, जुनी गोळी न्यूमोनियासह काही संसर्ग टाळते. सीडी४ ३५० च्या वर स्थिरावेपर्यंत ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नसते. क्षयरोग टाळण्यासाठी प्रतिबंधक उपचार आहेत. खोकला, ताप, वजन घटणं, सतत डोकेदुखी यांतलं काहीही झालं तर 'माझा व्हायरल लोड तर चांगला आहे' म्हणून घरी बसू नये. हृदयविकार, यकृताचे आजार आणि काही कर्करोग या गटात जास्त दिसतात. त्यामुळे तंबाखू-खर्रा सोडण्याचा सल्ला इथे नुसता उपदेश उरत नाही.

आणि एका रिपोर्टवर घाबरूही नये. सीडी४ दिवसाच्या वेळेनुसार, साध्या तापानेही खालीवर होतो. ३१० चा २६० झाला म्हणजे घसरण झालीच असं नाही, दोन-तीन रिपोर्ट ओळीने पाहावे लागतात.

इथे एक नियम माहीत असलेला बरा. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सीडी४ ३५० च्या वर आणि व्हायरल लोड १००० च्या खाली असेल, तर सीडी४ ची नियमित तपासणी थांबवता येते. ज्यांचा सीडी४ ३५० पर्यंत पोचलेलाच नाही, त्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी चालू राहायला हवी. केंद्रात फक्त व्हायरल लोडचं रक्त घेतलं जात असेल, तर सीडी४ चं विचारून घेण्यात काही गैर नाही. शंका असल्यास १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा मार्च २०२६ पर्यंतचा आखला होता आणि ९५-९५-९५ हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होतं. विषाणू दबलेल्यांपैकी किती जणांचा सीडी४ अजून २०० किंवा ३५० च्या खाली आहे, हा चौथा आकडा त्यात नाही. तो काढायला नवं यंत्र किंवा नवी चाचणी लागणार नाही. प्रत्येक रुग्णाचे दोन्ही रिपोर्ट एआरटी केंद्रातल्या त्याच्या कार्डावर आधीच लिहिलेले असतात.