आकडा कोणत्या पद्धतीने आला?

साठी ओलांडलेल्या आईच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागतात, माथ्यावरचे विरळ होतात. डॉक्टर टेस्टोस्टेरॉनची तपासणी लिहून देतात आणि अहवालात एक आकडा ठळक छापून येतो. साऱ्या घरात चिंता पसरते. अशा वेळी आपण एक प्रश्न अवश्य विचारावा: हे मोजमाप कोणत्या पद्धतीने झाले?

टेस्टोस्टेरॉन हे केवळ पुरुषांचे संप्रेरक नव्हे. स्त्रीच्या बीजांडकोशांत व मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतही ते तयार होते, परंतु अत्यल्प. प्रौढ पुरुषाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम, तर स्त्रीच्या रक्तात बहुधा १५ ते ७० नॅनोग्रॅम एवढेच ते आढळते. अडचण इथेच आहे. पोती तोलण्याच्या काट्यावर गुंजभर सोने तोलावे, तसे हे होते.

बहुतेक प्रयोगशाळा ‘इम्युनोअॅसे’ ही पद्धत वापरतात. तीत प्रतिपिंडे संप्रेरकाला त्याच्या आकारावरून ओळखून पकडतात. ही पद्धत जलद व स्वस्त आहे. मात्र मिळत्याजुळत्या रचनेची इतर संप्रेरकेही तीत पकडली जातात. पुरुषांच्या मोठ्या आकड्यात ही भेसळ फारशी जाणवत नाही, स्त्रियांच्या छोट्या आकड्यात जाणवते. ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात २००३ साली अशा १० चाचण्यांची तुलना प्रसिद्ध झाली. स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांपैकी ७ चाचण्यांनी प्रमाण वाढवून दाखवले होते आणि सरासरी फरक ४६ टक्के होता.

दुसरी पद्धत ‘मास स्पेक्ट्रोमेट्री’. तीत रक्तातील घटक आधी वेगळे केले जातात आणि मग रेणूच्या वस्तुमानावरून टेस्टोस्टेरॉन ओळखले जाते. खर्च व वेळ अधिक लागतो. पण यंत्राचे प्रमाणीकरण नीट झालेले असेल, तर स्त्रियांसाठी हीच पद्धत अधिक विश्वासार्ह ठरते. ‘मुक्त टेस्टोस्टेरॉन’ थेट मोजणारी इम्युनोअॅसे तर स्त्रियांच्या बाबतीत भरवशाची मानली जात नाही. एकूण टेस्टोस्टेरॉन व त्याला बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन मोजून गणिताने काढलेला आकडा त्याहून बरा.

म्हणून अहवालावर पद्धतीचे नाव पाहावे. नसल्यास प्रयोगशाळेला विचारावे. दोन निराळ्या पद्धतींच्या आकड्यांची तुलना करू नये. पुनर्तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. काही इम्युनोअॅसेमध्ये बायोटिनमुळे आकडा खोटाच वाढतो.

मात्र पद्धतीच्या शंकेपायी दुखण्याकडे दुर्लक्षही नको. रजोनिवृत्तीनंतर काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा आकडा १५० ते २०० च्या पुढे गेला, तर बीजांडकोशात वा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असू शकते. अशा वेळी विलंब न करता अंतःस्रावतज्ज्ञांना भेटावे. याउलट लक्षणे सौम्य असून आकडा थोडासाच अधिक असेल, तर महागड्या तपासण्यांच्या मागे लागण्यापूर्वी ‘हीच चाचणी मास स्पेक्ट्रोमेट्रीने करून पाहावी का?’ असे डॉक्टरांना विचारावे. या एका प्रश्नाने आईचा अकारण मनस्ताप टळू शकतो.