संपादकीय : जुनी दुनळी आणि पोलादी छर्रे



गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक अजून घरात आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. यंदा रानडुकरांनी भात लोळवला आणि माकडांनी बाग उजाड केली. हे सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, शिसे विषारी असते असे तूच मागे म्हणाला होतास. तिकडे पोलादी छऱ्यांची काडतुसे मिळतात म्हणे. येताना दोन खोकी आणतोस का?"

पहिले उत्तर सोपे होते. परवान्याशिवाय काडतुसे भारतात नेणे हा गुन्हा आहे आणि अमिरातीचे कायदेही या बाबतीत तितकेच कडक आहेत. सामानात एक रिकामे काडतूस सापडले तरी विमानतळावर रात्र काढावी लागेल. पण प्रश्नाचा दुसरा भाग मनात राहिला. शिसे वाईट, पोलाद चांगले, मग बदलून टाकू, इतके ते सरळ आहे का? माझे संशोधन धातूंवरच चालते, त्यामुळे हा प्रश्न टाळणे मला शोभले नसते.

आधी शिशाविषयी. अमिरातीतल्या आपल्यापैकी अनेकांनी पाहुण्यांना घेऊन अबू धाबीचे ससाण्यांचे रुग्णालय पाहिले असेल. ते १९९९ साली सुरू झाले. इथल्या ससाण्यांना २००२ पासून स्वतःचे पासपोर्ट मिळतात, आणि ससाण्यांकरवी शिकार करण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१० साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. एवढे कौतुक होणाऱ्या या पक्ष्याच्या आजारांत शिशाची विषबाधा आखातातल्या पशुवैद्यांना चांगली परिचयाची आहे. ससाणा काही शिसे शोधून खात नाही. तो कबुतर खातो. ते कबुतर कोणी बंदुकीने मारलेले असले, तर मांसाबरोबर एखादा छर्रा पोटात जातो. क्ष-किरण चित्रात तो पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. पोटातल्या आम्लात शिसे विरघळते, रक्तात उतरते, पक्षी अन्न टाकतो, अशक्त होतो, पायांची पकड जाते. वेळेवर कळले तर शिशाला धरून शरीराबाहेर काढणारे औषध देता येते. हे भाग्य लाखमोलाच्या ससाण्याचे. रानातल्या गरुडाचे किंवा गिधाडाचे क्ष-किरण चित्र कोणी काढत नाही.

पाणपक्ष्यांची गोष्ट आणखी वेगळी. बदके दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि तळ्याच्या गाळात पडलेला छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. एका काडतुसात दोन-अडीचशे छर्रे सहज असतात. त्यांतले पक्ष्याला लागतात मोजके, बाकीचे पाण्यात आणि मातीत. अमेरिकेत फ्रँक बेलरोज यांनी १९५९ साली अंदाज मांडला होता, की तिथल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी या विषाने मरतात. तिथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी यायला १९९१ साल उजाडले. डेन्मार्कने १९९६ साली शिशाचे छर्रे पूर्णपणे बंद केले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत ते वापरायला मनाई केली आणि ब्रिटनने २०२५ साली टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचे जाहीर केले. पक्ष्यांना अर्थातच या सरहद्दी ठाऊक नाहीत. दुबईच्या रास अल खोरला किंवा अबू धाबीच्या अल वथबाला उतरणारे पक्षी वाटेत अनेक देशांचे गाळ उपसून आलेले असतात.

आता पोलादाविषयी. इथेच आपल्या सुधारणावादी मंडळींची थोडी घाई होते.

'बारा बोअर' या नावातच शिसे आहे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. म्हणजे या बंदुकीचे मापच शिशाने ठरले आहे. नळीच्या तोंडाशी तिचा व्यास किंचित आवळलेला असतो, त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये हे आवळणे सुमारे एक मिलिमीटर असते, आणि जुन्या दुनळीत बहुधा एका नळीला कमी व दुसरीला जास्त चोक असतो. शिसे मऊ. छऱ्यांचा घोळका या अरुंद तोंडातून जाताना दबतो, थोडा चेपतो आणि बाहेर पडतो. पोलादी छर्रा शिशाच्या कित्येक पट कठीण. तो चेपत नाही. मग चेपायचे कोणी? नळीने. चोकच्या जागी नळीला बांगडीसारखा फुगवटा येतो. दोन नळ्या डाख देऊन जोडलेल्या असल्या, तर मधल्या पट्टीचा डाख सुटू शकतो. बंदूक हातात फुटेल असा प्रसंग सहसा येत नाही, पण पातळ झालेली, आतून गंजाने खाल्लेली नळी असेल तर खात्री कोण देणार?

दुसरी अडचण वजनाची. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, पोलादाची ७.८ पट. त्याच आकाराचा पोलादी छर्रा सुमारे तीस टक्के हलका भरतो आणि हवेत लवकर मंदावतो. ही तूट भरून काढायला छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि वेग वाढवावा लागतो. तेवढ्याच वजनाला जागाही जास्त लागते, म्हणून काडतूस लांब होते. जुन्या इंग्लिश बंदुकांचे काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे असायचे; आजची काडतुसे ७० आणि ७६ ची आहेत. लांब काडतूस आखूड घरात बसते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीला छऱ्यांचे ओरखडे बसू नयेत म्हणून पोलादी काडतुसात प्लॅस्टिकची जाड वाटी घालतात, ती पुन्हा शेतात पडून राहते. तिला कुजणारे पर्याय आता निघाले आहेत, हे खरे.

म्हणून नियम असा आहे. नळ्यांच्या तळाशी चाचणीगृहाचे शिक्के असतात, ते आधी वाचावेत. साध्या दाबाचे पोलादी काडतूस आधुनिक दारूसाठी तपासलेल्या, योग्य लांबीच्या घराच्या, धड स्थितीतल्या आणि चोक अर्ध्याहून अधिक नसलेल्या बंदुकीत चालते. जास्त दाबाच्या पोलादी काडतुसांसाठी वेगळी चाचणी असते आणि तिचा शिक्का लिलीच्या फुलाचा असतो. दमास्कस नळीच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन घडवलेल्या नळीच्या बंदुकीत पोलाद घालूच नये. बिस्मथचे छर्रे जुन्या नळीला सोसतात, कारण तो धातू शिशाहून फार हलका नाही आणि मऊही आहे; पण ते महाग पडतात.

भावाने फोटो पाठवले. काडतुसाचे घर आखूड, डाव्या नळीला पूर्ण चोक, शिक्के झिजलेले. पोलाद नाहीच.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला म्हणतो, "बघा, जुन्या बंदुकांना पोलाद चालत नाही, म्हणजे शिसेच बरे." दुसरा म्हणतो, "हे सगळे बंदूकवाल्यांचे बहाणे आहेत, काही होत नाही." दोघेही एकच चूक करतात. नळी काय सोसते हा धातुशास्त्राचा प्रश्न आहे. शिसे रानात पेरत राहावे का, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतील, अशी ओरड झाली. ती खोटी नव्हती; मऊ धातूच्या त्या बैठकांना शिशाचा थर खरोखरच आधार देत होता. तरीही भारताने २००० साली आणि अमिरातीने २००३ साली शिसे काढले. अल्जीरियात २०२१ साली जगातला शेवटचा पंप बंद झाला. जुन्या गाड्यांना कठीण बैठका बसवल्या गेल्या किंवा त्या गाड्या मोडीत निघाल्या. मुलांच्या रक्तातले शिसे गाड्यांच्या सोयीसाठी सहन करावे, असे आज कोणीही म्हणणार नाही.

पण ज्याची गाडी मोडीत निघाली, त्याचे नुकसान झालेच. हे नुकसान आधी उघड सांगणे सुधारकांचे कर्तव्य आहे. "काहीच बदलावे लागणार नाही" असे सांगून पटवले आणि पहिल्याच हंगामात कोणाची नळी फुगली, तर तो माणूस पुढे शिशाविषयीही आपले ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

न्यायाची आणखी एक बाजू आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात अमिरातीच्या शेख अहमद अल मक्तूम यांनी सुवर्ण आणि आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले. अमिरातीचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. इथे राहणाऱ्या भारतीयांना त्या दिवशी दुप्पट आनंद झाला होता. मातीच्या तबकड्यांवरची ती नेमबाजी शिशाच्या छऱ्यांवरच चालत आली आहे, दर बाराला सुमारे २४ ग्रॅम. वर्षाला चार बार काढणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला उपदेश करताना, दिवसाला शेकडो बार काढणाऱ्या मैदानांना आपण काय विचारतो? तिथे बंदुका नव्या आहेत. पोलाद न चालण्याची सबब तिथे नाही.

भावाला मी सगळे लिहून कळवले. पोलाद या बंदुकीत घालू नकोस, नळी जाईल. शिसेही नको, वनखात्याच्या परवानगीने डुक्कर मारले, तरी शिशाचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात राहतात आणि ते मांस घरातली मुले खातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक मात्रा अशी नसतेच. बंदूक रीतसर जमा कर आणि शेताला सौर कुंपण घाल.

त्याचे उत्तर दोन ओळींचे होते. "पटले. पण कुंपणाला पैसे कोण देणार, आणि काकांना कोण सांगणार?"

त्या दोन ओळींनी मला माझी जागा दाखवली. परदेशातून आपण गावाला पैशांपेक्षा सल्ले अधिक पाठवतो. ज्या बदलाचा भार दुसऱ्याच्या शेतावर पडतो, तो सुचवायला आपल्याला काहीच लागत नाही. आम्ही बाहेर राहणाऱ्या तिघा भावंडांनी कुंपणाचा खर्च वाटून घ्यायचे ठरवले आहे. काकांना सांगायचे काम माझ्याकडे आले आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या वडिलांची बंदूक सोडायला सांगायची आहे, आणि ते फोनवर जमणार नाही. मे महिन्यात गावी जाणार आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या गावच्या घरी अशी दुनळी असेल, त्यांनी निदान शिक्के वाचून पाहावेत आणि काय आढळले ते आम्हाला जरूर कळवावे.

आपला,
संपादक मंडळाकरिता